दाढेचा दिवस

सासूबाईंनी रुमालात बांधलेला बर्फ गालावरून बाजूला केला आणि मुलाच्या हातातली सहलीची तिकिटं काढून त्याच्याच शर्टाच्या खिशात कोंबली.

“तुम्ही जा. दाढ माझी आहे. सगळ्यांनी मिळून काढायची नाहीये ती.”

“पण आई, तुला अशी सोडून...”

“अशी म्हणजे कशी? पायाला काही झालेलं नाही माझ्या.”

उजवी बाजू हलू नये म्हणून त्या डाव्या गालातून बोलत होत्या, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य टोमण्यासारखं निघत होतं. जहाजातून धक्क्यावर उतरायच्या पुलाच्या तोंडाशी रांग खोळंबली होती. पुढे काय अडलंय ते पाहायला मागची माणसं टाचा उंचावत होती. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, अंगाला क्रीम फासलेलं. नात पोहण्याचा चष्मा कपाळावर चढवून बापाचा हात ओढत होती. तिचा चेहरा रडायच्या बेतात होता. काचेच्या तळाची ती बोट तिने घरी असल्यापासून मनातल्या मनात कितीदा तरी हाकून झाली होती.

रात्री जहाजावरच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या आणि पुढचं आपल्या हातात नाही असं सांगून टाकलं होतं. दात काढायची सोय इथे नाही, सकाळी बंदर लागेल, तिथे दाखवून घ्या. गोळ्यांनी सासूबाईंच्या पोटात आग पडली, ठणका होता तिथेच राहिला.

“मी जाते आईंबरोबर,” सून म्हणाली. “तू हिला घेऊन जा. किती दिवस तिला सांगत होतास.”

नवऱ्याने मान डोलावली, पण लगेच हलला नाही. तिला कोपराला धरून त्याने रांगेच्या कडेला घेतलं.

“तिच्याशी बोलू नकोस हं. ते. मी संध्याकाळी सांगणार आहे, जेवायला सगळे बसलो की. नीट.”

“मी कशाला बोलू?”

“नाही, आपलं म्हटलं.”

तो लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा. घरातली कुठलीही अडचण त्याला दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टसारखी दिसे. आत माणूस आहे, आधी त्याला बाहेर काढायचं, बाकीचं मागाहून. वडील गेल्यापासून आई एकटी राहत होती, ही त्यातलीच एक अडचण. सासूबाई बायकांना गाडी चालवायला शिकवत. छपरावर पाटी आणि दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली छोटी गाडी घेऊन भल्या पहाटे बाहेर पडत, म्हणून नात त्यांना गाडीआजी म्हणायची. मध्यंतरी एका घाबरट बाईने ती गाडी सरळ एका फाटकावर नेऊन घातली आणि सासूबाईंना बरेच दिवस मानेला पट्टा बांधून बसावं लागलं. त्या पट्ट्यातली आई पाहिली आणि मुलाने सगळं ठरवून टाकलं. आईला आपल्याकडे आणायचं. गाडी काढून टाकायची. मागची छोटी खोली आईची. खोलीला पिवळा रंगही देऊन झाला होता. आता आईला सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते त्याला इथे सांगायचं होतं, समुद्रावर, सगळे खुशीत असताना.

ती खोली सुनेची होती.

ती आवाजाचं काम करायची. लहान मुलांची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, आणि पुस्तकं नसतील तेव्हा कंपन्यांच्या फोनवरचे निरोप. ‘आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा’ असं मधाळ आवाजात सांगणारी बाई म्हणजे तीच. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून खोलीच्या भिंतींना स्पंजच्या लाद्या चिकटवलेल्या होत्या. प्रवासाला निघायच्या आधी एका रविवारी नवऱ्याने स्टुलावर चढून त्या एकेक करून सोलल्या. “तुझं कपाटात होईल ना गं?” त्याने वरूनच विचारलं. तिने हसत हसत कपड्यांच्या कपाटात बसून, दार लावून, एक पान वाचून दाखवलं. आवाज खरोखरच छान आला. गुडघे मात्र छातीला टेकले होते. “होईल की,” ती आतून म्हणाली.

सासूबाई वाईट नव्हत्या, हाच तर घोटाळा होता. वाईट असत्या तर तिला नाही म्हणता आलं असतं.

टॅक्सीत सासूबाई पुढे बसल्या. बंदराचं फाटक मागे पडेपर्यंत त्या रुमाल गालाला दाबून होत्या. मग अरुंद, चढाचा रस्ता सुरू झाला. दोन्हीकडे दुकानं उघडत होती. एक माणूस बाहेर टोप्यांचा स्टँड ओढून आणत होता, एक बाई पायरीवर पाणी ओतत होती. वळण आलं तसा सासूबाईंचा पाय खालच्या पायपुसण्यावर घट्ट दाबला गेला.

“इंडिकेटर,” त्या गालातून म्हणाल्या.

“काय?” टॅक्सीवाल्याने विचारलं.

“वळताना द्यायचा असतो.”

टॅक्सीवाल्याने आरशातून मागे पाहिलं.

“त्यांची दाढ दुखतेय,” सून म्हणाली, जणू एकाचा दुसऱ्याशी काही संबंध होता.

पुढच्या वळणाला टॅक्सीवाल्याने इंडिकेटर दिला, त्याच्या पुढच्याला दिला, आणि शेवटी दवाखान्यापाशी गाडी कडेला घेताना, रस्त्यावर दुसरं चिटपाखरू नसतानाही दिला.

दवाखाना चष्म्याच्या एका दुकानाच्या वर होता. करकरणारा लाकडी जिना, वर काचेचं दार, दारामागे खुर्च्यांची एक ओळ. टेबलावर प्लास्टिकचा भलाथोरला जबडा आ वासून ठेवलेला होता आणि कुणीतरी त्यात चक्क पेन अडकवून ठेवलं होतं. आत एक पेशंट होता. मशीनची बारीक किरकिर मध्येच थांबायची, मध्येच वाढायची. दर वेळी ती वाढली की सासूबाई खिडकीबाहेर बघायच्या. रस्ता सरळ खाली समुद्राकडे उतरला होता आणि त्याच्या टोकाला त्यांचं जहाज उभं होतं, गावातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा उंच. कुणीतरी रस्ता बंद करायला आणून ठेवल्यासारखं.

“तुला आज बोटीतून मासे बघायचे होते,” सासूबाई म्हणाल्या.

“छे, तसं काही नाही, आई. मला तुमच्याबरोबर यायला आवडलंच.”

सासूबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रुमालातला बर्फ वितळून मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला होता.

“एक विचारू? तू माझ्याशी नेहमी त्या फोनवरच्या बाईसारखं का बोलतेस?”

तिचे कान गरम झाले. उत्तरासाठी तोंड उघडलं तर घशात तोच आवाज तयार होऊन बसला होता. तिने तोंड मिटलं.

“वाईट म्हणत नाही मी,” सासूबाई म्हणाल्या. “गोडच बोलतेस. फक्त मला दर वेळी वाटतं, आता ‘एक दाबा’ म्हणशील.”

तिला खुदकन हसू आलं. ते हसू कुठे ठेवावं ते कळेना, म्हणून ती उठून प्लास्टिकच्या जबड्यातलं पेन काढायला गेली. तेवढ्यात आतलं दार उघडलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बाह्या वर सारलेल्या, बोलणं पटापट. त्यांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि बोटाने दाखवला.

“ही बघा, दाढेला उभी चीर गेलीये. ही काही वाचणार नाही. काढावी लागेल.”

“काढा.”

“रात्री झोपेत दात खाता का, काकू?”

“मला काय माहीत? मी झोपलेली असते.”

“खातात,” सून म्हणाली. जहाजावर नात आजीच्या केबिनमध्ये झोपायची. “आमची लेक सांगते, आजी रात्री दगड चावते.”

“केव्हापासून?”

डॉक्टरीणबाईंनी चिमुकला आरसा तोंडात फिरवला, दुसऱ्या बाजूलाही पाहिलं.

“उगाच विचारत नाही मी. बाकीच्या दाढाही झिजल्यात, ते जुनं आहे. पण ही चीर ताजी आहे. इतक्यात डोक्याला कसली काळजी लागलीये का?”

सासूबाईंची नजर छताकडे होती. छतावर, पेशंटला बघायला म्हणून, ढगांचं एक चित्र चिकटवलेलं होतं.

“तुम्ही दाढ काढा,” त्या म्हणाल्या. “काळजी राहू द्या.”

दाढ सरळ निघाली नाही. भुलीचं इंजेक्शन दिलं, जीभ जड झाली, डॉक्टरीणबाईंनी चिमटा लावला, आणि वरचा अर्धा तुकडा कडकन हातात आला. मूळ आत राहिलं. मग मशीन सुरू झालं. खुर्चीच्या पायाशी सासूबाईंची चप्पल घातलेली पावलं होती. मशीनचा आवाज वाढला तसं उजवं पाऊल ताठ झालं आणि पायटेकणीवर दाबलं गेलं.

“इथे ब्रेक नाहीये हं, काकू,” डॉक्टरीणबाई मुखपट्टीआडून म्हणाल्या. “पाय सैल सोडा.”

पाय सैल सुटला नाही. मात्र सासूबाईंचा एक हात खुर्चीच्या दांडीवरून उठला आणि हवेत चाचपडला. सुनेने तो धरला. इतक्या वर्षांत त्या दोघींनी पाया पडणं, हातावर साखर ठेवणं, निघताना पाठीवर थाप, असं सगळं केलं होतं. हात असा कधी धरला नव्हता. तो हात लहानसा आणि कमालीचा मजबूत होता, आणि त्याला सुटायचं नव्हतं. काय करावं ते तिला सुचेना. मग तिला जे येत होतं ते तिने सुरू केलं. अगदी हळू आवाजात, सासूबाईंच्या कानापाशी वाकून.

“एका जंगलाच्या कडेला एका कोल्ह्याने छत्र्यांचं दुकान काढलं. पण गंमत अशी, की त्याच्या दुकानात एकही धड छत्री नव्हती...”

महिन्यापूर्वीच रेकॉर्ड केलेलं पुस्तक होतं. कोल्हा गिऱ्हाइकांना गंडवत होता, ससा भिजत होता, अस्वलाची छत्री अडकत होती. मशीन चालू होतं, थांबत होतं, पुन्हा चालू होत होतं. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे जात होतं. तिने घाईघाईने मधला बराच भाग गाळून कोल्ह्याला नदीपाशी आणलं.

“आणि मग?” डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं.

“मग पूर आला.”

“झालं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि ट्रेमध्ये काहीतरी टण्णकन पडलं. “निघालं सगळं. शाब्बास, काकू.”

त्यांनी कापसाचा बोळा दाढेच्या जागी बसवला आणि सूचना दिल्या. हा घट्ट चावून धरायचा. आज गरम काही नाही, थंड आणि मऊ तेवढंच. आणि जरा वेळ बोलायचं अजिबात नाही.

“ते कठीण आहे,” सून म्हणाली. ते तिच्या स्वतःच्या आवाजात निघालं आणि तिचं तिलाच दचकायला झालं.

खाली आल्यावर त्या लगेच टॅक्सीकडे गेल्या नाहीत. चष्म्याच्या दुकानासमोर एक लहानसा चौक होता, झाडाखाली बाक होता. सासूबाई तिथे बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि डोळे मिटून मागे टेकल्या. ठणका गेल्यावर माणसाचा चेहरा धुतल्यासारखा रिकामा होतो, तसा त्यांचा झाला होता. एक गाल फुगलेला, ओठाचा एक कोपरा खाली लोंबलेला. समोर एक सुतार दुकानाच्या दाराला रंधा मारत होता, आणि लाकडाच्या सालपटांच्या गुंडाळ्या वाऱ्याने चौकभर पळत होत्या.

संध्याकाळी तो सांगेल, तिने मनाशी म्हटलं. सासूबाई सगळ्यांकडे एकदा बघतील आणि ‘बरं’ म्हणतील. मुलाचं मन मोडायचं नाही म्हणून म्हणतील. ती ‘किती छान’ म्हणेल, त्या दुसऱ्या आवाजात. आणि मग ते रोज चालेल, त्यांच्यापैकी कुणीतरी म्हातारं होऊन मरेपर्यंत. तिला डॉक्टरीणबाईंचा प्रश्न आठवला. ‘केव्हापासून?’ शाळेला सुट्टी लागली तेव्हा लेक आजीकडे राहायला गेली होती. दगड चावण्याची गोष्ट तिने तिथून आल्यावरच पहिल्यांदा सांगितली होती. आणि आजीकडे जायच्या आदल्या दिवशी लेक बापाबरोबर रंगाच्या दुकानात जाऊन आली होती.

“आई,” ती म्हणाली. “तुम्हाला माहितीये का? खोलीचं?”

सासूबाईंनी डोळे उघडले. मान हलवली. हो. मग हात जमिनीपासून थोडा वर धरून एक लहान उंची दाखवली, आणि त्याच हाताने हवेत ब्रश वर-खाली फिरवला.

“तिने सांगितलं. पिवळा रंग.”

हो.

“आणि तुम्ही इतके दिवस काही...” ती थांबली. पाठ ताठ केली. “नाही, म्हणजे तुम्ही आलात तर आम्हाला खरंच खूप आनंद...”

सासूबाईंनी एक बोट वर केलं. ते बोट त्यांनी सुनेच्या गळ्याला लावलं आणि मग डावी-उजवीकडे हलवलं. हा आवाज नको.

रंधा थांबला होता. सुताराने फळीवर हात फिरवून पाहिला आणि पुन्हा सुरुवात केली.

“तुम्हाला यायचंय का?” तिने विचारलं. आवाज घोगरा निघाला, सुरुवातीलाच फाटलेला, एरवी तिने तो पुसून पुन्हा रेकॉर्ड केला असता.

सासूबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. तिचा चेहरा, तिचे मांडीवर एकमेकांत अडकवलेले हात. मग त्यांनी फुगलेल्या गालाला हाताचा आधार दिला आणि मान हलवली. नाही. थोडं थांबून, राहून गेल्यासारखं, आणखी एकदा. नाही.

ती पुढे वाकली आणि दोन्ही हातांत तोंड घालून हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं, आणि दोन्ही इतकं एकमेकांत गेलं की थांबवायचं कुठलं ते कळेना. शेजारी बाक हलत होता. तिने बोटांच्या फटीतून पाहिलं, तर सासूबाईही अर्ध्या तोंडाने हसत होत्या, लाळ पदराने पुसत होत्या आणि पुन्हा हसत होत्या. पिशव्या घेऊन चाललेली एक बाई त्यांच्यापाशी क्षणभर थबकली आणि कुणीतरी गेलं असावं अशा चेहऱ्याने पुढे निघून गेली.

“पण का?” तिने डोळे पुसत विचारलं.

विचारल्यावर तिलाच नवल वाटलं. आत्ता तर छातीवरचा दगड उतरला होता, आणि लगेच कुठेतरी बारीकसं टोचलंही होतं. आमच्या घरात काय वाईट आहे?

सासूबाईंना ते दिसलं असावं. त्यांनी दवाखान्याच्या खिडकीकडे एक नजर टाकली आणि कापसाचा बोळा काढून मुठीत घेतला. जड जिभेने त्या सावकाश, शब्द जपून ठेवत बोलल्या.

“वाईट काही नाही गं. शांत घर आहे तुमचं. मला गोंगाट लागतो. सकाळी उठून कुणावर तरी ‘क्लच, क्लच’ असं ओरडले नाही तर माझा दिवस उगवत नाही.”

“त्याला भीती वाटते. तुम्ही पडाल, तुम्हाला लागेल.”

“पडेन की. तुमच्याकडेही पडेन. तिथे पडले तर तुम्हाला दिसेन, एवढंच.” त्यांनी दम घेतला. “आणि त्या कोल्ह्याचं काय?”

“कुठल्या कोल्ह्याचं?”

“मघाशी सांगत होतीस तो. मधलं सगळं खाल्लंस. छत्री वाऱ्याने उलटी होते आणि तो तिच्यात बसून नदी पार करतो, ते कुठे गेलं?”

ते पुस्तक तिने सासूबाईंना कधी दिलं नव्हतं. काम कसं चाललंय असं त्या विचारायच्या, ती बरं चाललंय म्हणायची, तेवढ्यावर ते संपायचं.

“तुम्ही ऐकलंय ते?”

“सगळी ऐकते. भाजी चिरताना फोनवर लावते. तो कोल्हा फार पाजी काढलायस, मला त्याला दोन ठेवून द्याव्याशा वाटतात.” त्यांनी हातातल्या बोळ्याकडे पाहिलं. “तुझी खोली मी घेतली तर मग मी ऐकू काय?”

एवढं बोलून त्यांनी बोळा पुन्हा दाढेच्या जागी बसवला, दात मिटले आणि हात मांडीवर ठेवले. बोलणं संपलं होतं. त्या दोघी सालपटं उडताना बघत बराच वेळ तशाच बसून राहिल्या. उठायची वेळ झाली तेव्हा सून म्हणाली, “हे आता त्याला कोण सांगणार?”

सासूबाईंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

धक्क्यावर परतणाऱ्यांची रांग लागली होती. सामान तपासायच्या मशीनपाशी ते दोघं भेटले. नवऱ्याचं नाक उन्हाने लाल झालं होतं, लेकीचे केस खारट पाण्याने दोरीसारखे झाले होते.

“आई, आम्हाला एक बूट दिसला! समुद्रात, खाली! आणि एकच मासा. तो पण पळून गेला,” लेक म्हणाली.

“काय म्हणाले डॉक्टर?” नवऱ्याने आईचा गाल वाकून पाहिला. “दुखतंय?”

सासूबाईंनी नाही अशी मान हलवली आणि बोळा तोंडातून काढला.

“मी नाही येनाल,” त्या म्हणाल्या. भूल अजून उतरली नव्हती.

“कुठे? जेवायला? नको येऊस. केबिनमध्ये मागवू तुझं.”

“जेवायला नाही. लाहायला.”

“काय लावायला?”

“लाहायला!”

मागचे दोघं-तिघं पुढे वाकले. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने पिशवी ट्रेमध्ये ठेवायला सुरुवात केली, जणू त्या पिशवीइतकं नाजूक जगात दुसरं काही नव्हतं.

“बाबा, राहायला!” लेक म्हणाली. “आजी म्हणते, ती आपल्याकडे राहायला येणार नाही.” आणि क्षणभर विचार करून, “मग त्या खोलीत मी माझी सायकल ठेवू?”

नवरा हातात रिकामा ट्रे धरून उभा होता.

“पुढे चला,” मशीनवरचा माणूस म्हणाला.

तो पुढे गेला. धातू शोधणारी चौकट वाजली. त्याने मागे येऊन खिशातल्या किल्ल्या ट्रेमध्ये टाकल्या. पुन्हा वाजली. त्याने पट्टा काढला. तिसऱ्यांदा पलीकडे पोचला तेव्हा त्या तिघी केव्हाच पार होऊन त्याची वाट बघत होत्या. एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हाताने पँट सावरत तो त्यांच्यापाशी आला. आईकडे बघायचं होतं, पण त्याची नजर तिच्या गालावर जाऊन थांबली.

“वर जाऊन बोलू,” तो म्हणाला.

वर गेल्यावर मात्र तो बोलला नाही. आईला डेकवरच्या लांब खुर्चीवर बसवलं, पायांवर टॉवेल टाकला, उशी सारखी केली आणि कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. लेक पोहण्याच्या तलावाकडे पळाली. थोड्या वेळाने बायको त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. खाली धक्क्यावरची माणसं जाडजूड दोर खुंट्यांवरून सोडवत होती.

“तू बोललीस तिच्याशी,” तो म्हणाला.

“हो. तू नको म्हणाला होतास.”

“काय सांगितलंस?”

“सांगितलं काहीच नाही. विचारलं.”

“काय?”

“तुम्हाला यायचंय का, म्हणून.”

दोर पाण्यात पडला आणि वर ओढला जाऊ लागला. जहाज आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याची एक हिरवट पट्टी उघडली होती आणि ती सावकाश रुंद होत होती.

“मी सगळं पाठ केलं होतं,” तो म्हणाला. “रोज आंघोळ करताना म्हणून बघायचो. ती चिडली तर काय म्हणायचं, रडली तर काय, बाबांचं नाव काढलं तर काय. सगळ्याला उत्तर होतं माझ्याकडे.” तो पाण्याकडे बघत राहिला. “विचारायचं मात्र सुचलंच नाही गं.”

तिने आपलं कोपर त्याच्या कोपराला टेकवलं.

“वाईट वाटलं,” तो म्हणाला. आणि जरा वेळाने, “थोडं.”

त्याने कठड्यावरचे हात काढले आणि बोटांची उघडझाप केली, जड पिशव्या घरापर्यंत आणून खाली ठेवल्यावर माणसं करतात तशी. मग वळला आणि आईच्या खुर्चीपाशी गेला. ती मागोमाग गेली नाही. तिला तिथूनही ऐकू येत होतं.

“आई, आईस्क्रीम खाशील?”

सासूबाईंनी डोळे उघडले. त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. हो.

तो निघाला, दोन पावलं गेला, आणि परत आला.

“कुठलं आणू? व्हॅनिला, की चॉकलेट?”

विचारून तो तिथेच उभा राहिला. त्याच्यामागे बंदर हळूहळू सरकत होतं, गोदामं, चढाचा तो रस्ता, त्याच्या दोन्हीकडची दुकानं. सासूबाईंनी घाई केली नाही. टॉवेल गुडघ्यांवर नीट ओढून घेतला, एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा मुलाच्या लाल नाकाकडे.

“दोन्ही,” त्या म्हणाल्या.